वडनेरात उघडत नाही

सुधाकर तायडे गेल्याचा निरोप माझ्या फोनवर आला तेव्हा त्याच फोनवर त्याचे सोमवारचे दोन न उचललेले कॉल तसेच पडून होते. सकाळी छातीत दुखलं, मलकापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं आमच्या एका वर्गमित्रानं सांगितलं. मी हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि त्या दोन कॉलकडे बघत बसलो. सोमवारी मी मोकळा होतो. फोन हातातच होता. तो काय म्हणणार हे ठाऊक होतं म्हणून उचलला नाही. ‘दिन्या, तुही नवी साइट वडनेरात उघडत नाई बे,’ एवढंच तो म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं. चांगले शब्द पुष्कळ आहेत. पण त्याआधी एक गोष्ट सांगितली नाही तर ते सगळे खोटे ठरतील. ज्या चुकीसाठी वडनेर भोलजीतल्या लोकांनी आठ वर्षं सुधाकरकडे बोट दाखवलं, ती चूक त्याची नव्हती. माझी होती.

आम्ही नांदुऱ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो आणि तो टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला. खामगावात कापसाच्या एका अडत्याच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली आणि वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं, तेव्हा पहिला माणूस म्हणून त्यालाच बोलावलं. हंगामात खालच्या मालातला कापूस सरकीच्या बारीक कणांसकट उडत उडत वर यायचा आणि कीबोर्डच्या फटींत जाऊन बसायचा. सुधाकर रंगाच्या ब्रशनं तो काढत बसायचा आणि म्हणायचा, “साऱ्या जगात कॉम्प्युटरले व्हायरस होते, आपल्या इथं सरकी होते.”

आमच्या धंद्यातली एक अडचण वाचकांना सांगायला हवी, कारण सुधाकरचं सगळं आयुष्य त्या अडचणीभोवती गेलं. वेबसाइट आपण ज्यातून बघतो त्याला ब्राउजर म्हणतात. तो एक नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, त्यातही नवे-जुने असतात, आणि एकच पान प्रत्येकात थोडं वेगळं दिसतं. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर चौकट सरळ दिसते, तीच दुसऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर घसरून खाली जाते. कधी बटन दिसत नाही, कधी दिसतं पण दाबलं जात नाही. बनवणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्यासमोर सगळं ठीकच असतं. ज्याच्यासमोर बिघडतं त्याला वाटतं आपलंच काही चुकलं, आणि तो गुपचूप निघून जातो.

सुधाकरला हा गुपचूप निघून जाणारा माणूस दिसायचा. मला नाही दिसायचा. खोलीच्या भिंतीला लागून त्यानं एक लांब टेबल लावलं आणि त्यावर जुनी यंत्रं जमवायला सुरुवात केली. भंगारातले कॉम्प्युटर, काच तडकलेले फोन, एकाचं झाकण रबरानं बांधलेलं. रविवारी तो मोटरसायकलवर गावोगावच्या सेवा केंद्रांत जायचा, तिथला माणूस कोणत्या कॉम्प्युटरवर, कोणत्या ब्राउजरमध्ये फॉर्म भरतो ते पाहायचा, आणि परत येऊन तसंच्या तसं एक यंत्र टेबलावर उभं करायचा. त्यावर पांढरी चिठ्ठी डकवायचा: मलकापूर. शेगाव. मोताळा. सगळ्यात जुनं, सगळ्यात हळू, त्यावर त्याच्या स्वतःच्या गावाचं नाव होतं, वडनेर. गावातलं यंत्र बदललं की चिठ्ठी नव्या यंत्रावर जायची. मी काही बनवलं की तो ते प्रत्येक यंत्रावर उघडायचा आणि तिथूनच ओरडायचा, “मलकापुरात चांगलं हाये. मोताळ्यात अक्षरं बारकी हायेत. वडनेरात बटनच गायब हाये.” एकदा सराफ्यातले एक गिऱ्हाईक समोर बसले होते. ते घाबरून म्हणाले, “पन माह्यं तर वडनेरात दुकानच नाई हो.” त्यावर सुधाकर शांतपणे म्हणाला, “तुमचं नसन शेठ, पन तुमचं गिऱ्हाईक हाये न तिथं.”

जे बिघडलेलं सापडेल ते तो एका लांब वहीत लिहायचा. कोणतं पान, कोणतं गाव, काय होतं, कोणाला सांगितलं. शेवटी बरोबरच्या खुणेसाठी एक कोरा रकाना. त्या रकान्याचा त्याचा एक नियम होता. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं खूण करायची नाही. दुरुस्त करणाऱ्यानं सांगायचं, मग सुधाकर त्या गावच्या यंत्रावर पुन्हा पाहणार आणि खूण तोच करणार. मी कधी घाईत स्वतःच पेन उचललं तर तो माझा हात धरायचा. “तुले तर तुह्यं सारंच बरोबर दिसते. मले पाहू दे.”

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा, हे इथं कबूल करतो. एक दिवसाचं काम त्याच्यामुळे तीन दिवस चालायचं. मी बाहेर त्याची थट्टाही करायचो, आमच्या इथं एक म्युझियम आहे म्हणून. ते त्याच्या कानावर गेलं असावं, कारण एकदा तो टेबल पुसता पुसता म्हणाला, “म्युझियमात तिकीट असते दिन्या. तू फुकटच पाहून राह्यला.”

मग ते काम आलं. जिल्ह्यातल्या एका संस्थेचं नर्सिंगचं नवं महाविद्यालय सुरू होत होतं आणि प्रवेशाचा अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन होणार होता. आमच्यासाठी ते फार मोठं काम होतं. उद्घाटनाला पडद्यावर अर्ज भरून दाखवायचा होता. मी जन्मतारखेसाठी नवी सोय वापरली. चौकटीवर बोट ठेवलं की छोटं कॅलेंडर उघडायचं, तारीख निवडायची. दिसायला फार छान. चार दिवस आधी सुधाकर वही घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला.

“वडनेरात क्यालेंडर येत नाई.”

“मंग काय येते?”

“रिकामं खोकं येते. लोक हातानं लिहितीन. आपल्या इकडं आधी दिवस लिहितात, मंग महिना. तुह्यं मशीन आधी महिना वाचते. पंचवीसवा महिना कुठून आनशीन तू?”

“तो ब्राउजर आता कोन वापरते भाऊ?”

“वडनेरात वापरतात न.”

मी हसलो. करतो म्हणालो. त्यानं माझ्यासमोर वहीत लिहिलं आणि गेला. काम दहा मिनिटांचं होतं. कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष अशा तीन वेगळ्या याद्या द्यायच्या, एवढंच. पण मग पडद्यावर ते छान कॅलेंडर उघडलं नसतं. उद्घाटन होऊ दे, मग करू, असं मी ठरवलं. उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, आणि मी विसरलो. विसरलो हा शब्दसुद्धा पूर्ण खरा नाही… एकदोनदा आठवलं होतं. आठवलं आणि मी दुसरं काम हाती घेतलं.

खोकं रिकामंच येत होतं, पण मी करतो म्हणालो होतो त्यावर विसंबून, हातानं लिहिलेली तारीख आता आत नीट वाचली जात असेल असं धरून सुधाकरनं उद्घाटनानंतरच्या रविवारी वडनेरच्या केंद्रात उभं राहून गावातल्या मुलींचे अर्ज भरून घेतले होते. त्याच्या घरासमोरच्या निंबाजीभाऊंची मुलगी रेखा अर्ज भरायला लाजत होती, तिला त्यानंच घरून बोलावून आणलं. रेखाचा जन्म पंचवीस तारखेचा. तिनं तो नीट, सुवाच्य, आपल्या पद्धतीनं लिहिला. आमच्या यंत्रणेला ती तारीख वाचता आली नाही, यंत्रणेनं ती जागा कोरी ठेवली, आणि यादी काढताना कोऱ्या जागेचे सगळे अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडले. ज्यांचा जन्म महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतला होता त्या मुली चुकीच्या महिन्यासह का होईना यादीत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. बरं, नवे कॉम्प्युटर असलेल्या शहरांत हे घडलंच नाही. घडलं ते ज्यांच्याकडे जुनं यंत्र होतं त्यांच्याच बाबतीत.

निंबाजीभाऊ अर्जाची छापील प्रत घेऊन संस्थेत गेले तेव्हा उलगडा झाला. आम्हाला बोलावणं आलं. सचिवांची मोठी खोली, आम्ही दोघं शेजारी शेजारी, सुधाकरच्या मांडीवर ती लांब वही. खुर्च्यांच्या मागे दोनतीन पालक उभे होते, त्यात निंबाजीभाऊ. सचिवांनी विचारलं, “जुन्या कॉम्प्युटरवर चालतं की नाही, हे तपासायचं काम तुमच्याकडे कोणाचं असतं?” आणि मी म्हणालो, “तपासणी तायड्यांकडे असते, सर.”

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून गेलं. तीस वर्षांच्या मैत्रीत मी त्याला आडनावानं कधी हाक मारली नव्हती. त्या खोलीत ‘सुधाकर’ म्हणालो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं, असं मला आज वाटतं. सचिवांनी मान डोलावली. त्यांनी ते इतक्या लवकर का मानलं, माझं आडनाव आणि त्याचं आडनाव यांचा त्याच्याशी काही संबंध होता का, याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करतो. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं नाही. वहीवर हात ठेवला, पूर्ण पंजा पसरून, आणि म्हणाला, “माह्याकडून राह्यलं असन साहेब. ज्या पोरींची नावं सुटली त्यायची यादी मी आजच्या आज करून देतो.”

पुढे त्यानं ती यादी घरोघर फिरून केली. बहुतेक मुलींना दुसऱ्या फेरीत घेतलं. रेखाचं नाव आलं तोवर जागा भरल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मोटरसायकल तो चालवत होता. नांदुऱ्याला फाट्यावर थांबला आणि विचारलं, “चहा घेतं का?” मी हो म्हणालो. आम्ही चहा प्यायलो. तो ट्रकच्या टायरांबद्दल काहीतरी बोलला. मी बोललो असतो तर तीच जागा होती… मी कप ठेवला आणि म्हणालो, “चाल, ऊन होते.” खोलीवर आल्यावर मी ती दुरुस्ती केली. दहा मिनिटं लागली. मग मी सांगितलं, त्यानं वडनेरच्या यंत्रावर उघडून पाहिलं आणि वहीत खूण केली.

वर्षभरानं तो काम सोडून गेला. भांडण नाही, तक्रार नाही. गावातच केंद्र टाकतो म्हणाला आणि आपली यंत्रं पोत्यांत भरून घेऊन गेला. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर टेबल रिकामं झालं तेव्हा मला हलकं वाटलं. माझं ऑफिस मोठं झालं, काचेचं दार आलं. तो अधूनमधून फोन करायचा. माझी एखादी नवी साइट पाहायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा, कोणी सांगायला ठेवलेलं नसताना. गावात मात्र त्याच्या केंद्रावर निंबाजीभाऊंच्या भावकीतलं कोणी फिरकत नसे, हे मला माहीत होतं. आपल्या गावच्या पोरीचं वरीस यानं बुडवलं, असं लोक म्हणतात हेही माहीत होतं. हळूहळू मी फोन उचलणं कमी केलं. चार कॉलला एक. मग तेही नाही.

वडनेरला पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मी गेलो. मांडव भरला होता. गावातले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि चांगलं बोलले, आणि शेवटी म्हणाले, “त्या एका पोरीचं प्रकरण सोडलं तं मानूस सोन्यासारखा होता.” त्यांच्यानंतर माइक माझ्या हातात आला. वाचकहो, माइक माझ्या हातात होता. मी सरकीच्या व्हायरसचा विनोद सांगितला. लोक हसले, डोळे पुसले. मी खाली बसलो. बाजूच्या ओळीत शोभावहिनी बसल्या होत्या, सुधाकरच्या पत्नी. त्या हसल्या नाहीत.

आठवड्यानं मी पुन्हा गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. घरात बसवेना एवढं खरं. वहिनींनी पाणी दिलं, आत गेल्या आणि ती लांब वही आणून माझ्यापुढे ठेवली. चिंधीची खूण घातलेलं पान त्यांनी स्वतः उघडलं. सुधाकरचं तिरपं अक्षर. ‘जन्मतारखेचं खोकं. वडनेर. हातानं लिहिलं की तारीख कोरी राहते. दिनेशले सांगतलं. करतो म्हनला.’ त्यापुढे सांगितल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात खूण, आणि खुणेखाली तिची तारीख. दोन तारखांच्या मधे प्रवेशाची यादी लागून गेलेली. कोणीही हे एक पान पाहिलं असतं तर दुसरा प्रश्न विचारायची गरज नव्हती. आणि ते पान त्या खोलीत त्याच्या मांडीवर होतं.

“मी त्यायले तेव्हाच इचारलं,” वहिनी म्हणाल्या. “वही संग होती तं दाखवली काऊन नाई?”

“काय म्हनला?”

“म्हने, दिनेशचं नवं नवं काम हाये, त्याचं नाव गेलं तं सारंच बसते. माह्यं काय, मी टेबलावरचा मानूस. अन् म्हने, तो सांगनच. आज नाई तं उद्या सांगन.” त्यांनी चिंधीची खूण पुन्हा पानात ठेवली. “पहिले दोन वर्षं तं रोज वाट पाहे. तुमचा फोन आला की मले डोळ्यानं खुनवे, आज सांगते पाय. मंग खुनवनं सोडलं.”

आठ वर्षं त्यांना हे ठाऊक होतं. त्या काळात मी दोनदा त्यांच्या हातचं जेवून आलो होतो. मी खाली मान घालून म्हणालो, “वहिनी, चूक झाली.”

“मले काय सांगता दिनेशभाऊ. मले तं माहीतच हाये. ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा.” आणि त्यांनी खिडकीतून समोरच्या घराकडे हात केला.

निंबाजीभाऊ ओट्यावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅलेंडर, उद्घाटन, दहा मिनिटं, सचिवांच्या खोलीतलं वाक्य. रेखा आता मलकापूरला असते, नवरा एका कापडाच्या दुकानात हिशेबनीस आहे, ती स्वतः शिवणकाम करते. पुढच्या वर्षी तिला पुन्हा अर्ज भरायला लावायची त्यांची हिंमत झाली नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी विचारलं ते एवढंच, “मंग आठ वर्षं तुमी कुठं होते?” मग ते माझ्याशी नव्हे, समोरच्या बंद केंद्राच्या दाराशी बोलल्यासारखे बोलले. “रोज सकाळी केंद्र उघडाले जाये तो. रोज मले हात जोडे. अन् मी रोज मान फिरवो… त्याच्या मातीलेही गेलो नाई मी. आता हे कोनापाशी फेडू?”

मला वाटत होतं मी एका माणसाचं नाव बुडवलं. त्या ओट्यावर कळलं की आणखी एका भल्या माणसाकडून मी वर्षानुवर्षं रोज सकाळी पाप करवून घेतलं होतं, आणि त्याची भरपाई करायची वाटही त्याला ठेवली नव्हती.

निघताना वहिनींनी वही दिली नाही. ती घरात राहणार म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. पण केंद्रातल्या टेबलावरून त्यांनी एक जुना फोन आणून दिला. काचेला कोपऱ्यातून तडा, पाठीवर पांढरी चिठ्ठी, वडनेर. गावात आता कॉम्प्युटर कोणी वापरत नाही, शहरातल्या पोरांनी टाकलेले फोन आईबापांच्या हाती येतात, म्हणून चिठ्ठी त्यावर आली होती. “शेवटी शेवटी याच्यावरच तुमचं काहीतरी पाहून राह्यले होते,” वहिनी म्हणाल्या. “सोमवारी तुमाले फोनही लावला होता.”

ऑफिसात येऊन मी तो फोन सुरू केला. माझी नवी साइट तिथं उघडलेलीच होती, शेतकऱ्यांनी माल नोंदवायची. सगळं भरून झाल्यावर जे बटन दाबायचं ते त्या लहान पडद्यावर तळाच्या पट्टीखाली अर्धं गेलेलं होतं. बोट टेकत नव्हतं. त्याला सोमवारी हे सांगायचं होतं. मी ते दुरुस्त केलं. फार वेळ लागला नाही. मग दुकानातून एक लांब वही आणली, रेघा मारल्या आणि पहिली ओळ लिहिली. ‘नोंदणीचं बटन. वडनेर. अर्धं दिसतं, दाबलं जात नाही. दिनेशला दोनदा फोन केला. उचलला नाही.’

तो फोन आता माझ्या टेबलावर असतो. नवं पान आधी त्याच्यावर उघडतो. ते बटन आता तिथं पूर्ण दिसतं, मी अनेकदा दाबून पाहिलंय. शेवटचा रकाना मात्र कोरा आहे. मला माझं सगळंच बरोबर दिसतं, आणि पाहणारा आता नाही.